सेतूवरची एकशे बारा मिनिटं

सोमवारी सकाळी पडद्यावरचा आकडा एक्केचाळीस होता.

रत्नागिरीच्या सेतू-केंद्रात भिंतभर मोठा पडदा होता आणि त्यावर एवढा एकच आकडा. किनारपट्टीवर जुनी ईमेल वापरणारे अजून किती उरलेत, तो. सात वर्षांपूर्वी काम सुरू झालं तेव्हा तिथे सव्वाचार लाख लिहिलेलं होतं. उरलेल्यांना एकेक करून शोधायचं आणि हाताला धरून नव्या टपालीत आणून सोडायचं, ही ऋजुता शिवलकरची नोकरी. लग्नघरात पंगती उठल्यावर कोण जेवायचं राहिलं हे एखादी आत्या मांडवभर विचारत फिरते ना, तसं.

"आज कोणाचा नंबर?" अल्ताफ मुकादमनं विचारलं. राजिवड्याचा अल्ताफ तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"लांज्याच्या शीतगृहातलं यंत्र. आतला आंबा तापला की मालकाला मेल करतं. मालक वारून सहा वर्षं झाली, आंबाही नाही आत. हे आपलं पाठवतंय."

"आणि सावंतवाडीचे प्रोफेसर?"

"ते म्हणतात, मी मेल्यावर या."

"तारीख विचार त्यांना. शुक्रवारच्या आत जमतंय का बघ."

शुक्रवारी दुपारी बाराला सेतू बंद होणार होता.

एवढीशी गोष्ट बदलायला सात वर्षं का लागावीत, असं लोक ऋजुताला लग्नामुंजीत विचारायचे. ती सांगायची, जुन्या टपालीचे नियम साठ वर्षांपूर्वी लिहिले गेले. लिहिणारे थोडे होते आणि एकमेकांना ओळखत होते. एक यंत्र दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणतं, नमस्कार, मी अमुक, हे पत्र तमुकनं लिहिलंय. दुसरं म्हणतं, बरं, ठेवा. आणि पुढच्या दारात नेऊन देतं. पुढचं दार उघडलं नाही, तर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा जाऊन हाक मारतं. मोठं इमानी, पण कशावरून तू अमुक, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. कडी नसलेल्या घरांचा गाव होता तो. पुढे अख्खं जग त्या गावात राहायला आलं, चोरही आले, आणि कडी बसवायची कोणी, हा प्रश्न राहिला. कारण गावाला पाटील नव्हता. रस्त्याची डावी बाजू सोडून उजवीकडून चालायचं ठरवलं, तर एखादं सरकार एका पहाटेत ते करू शकतं. टपालीला सरकार नाही. आपण होऊन आधी बाहेर पडावं, तर मागे राहिलेल्यांची पत्रं आपल्याला मिळत नाहीत. म्हणून सगळे नवं शिकले आणि जुनं कोणीच सोडलं नाही.

नव्या टपालीत प्रत्येक पत्रावर लिहिणाऱ्याची खूण असायची. बोटाच्या ठशातून निघालेली, सरकारदरबारी नोंदलेली, दुसऱ्याला करता न येणारी. दोन्ही टपालींच्या मध्ये सेतू. जुनीकडून आलेलं पत्र तो चाळणीतून गाळायचा, वर पिवळी पट्टी लावायचा, 'लिहिणारा कोण ते सांगता येत नाही', आणि नव्या बाजूला सोडायचा. आजार असा, की सेतू आहे तोवर कोणी पलीकडून येत नाही, आणि लोक पलीकडे आहेत तोवर सेतू पाडवत नाही.

सेतूची तारीख ऋजुतामुळे अलीकडे आली होती.

तिचा धाकटा भाऊ पुष्कर. दीड वर्षापूर्वी त्याला नेमणुकीचं पत्र आलं, नावाजलेल्या जहाज कंपनीच्या नावानं. पिवळी पट्टी होती वर, पण एकविसाव्या वर्षी नोकरीच्या पत्रावरची पट्टी कोण वाचतं? तो आखातात गेला, बोटीवर चढला, दोन महिने त्याचे फोन आले. मग बंद. कंपनी म्हणाली, आमचं पत्रच नाही हे. बोटीचं नावही खोटं निघालं, झेंडाही खोटा. ऋजुता दिल्लीला सेतूच्या समितीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ज्या दारानं माझा भाऊ गेला ते दार रोज कोणाची तरी पोरं नेतंय, तुम्ही अजून दोन वर्षं मागताय कशासाठी? समितीनं सहा महिने दिले. ते शुक्रवारी संपत होते.

"बाय," अल्ताफ म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता. "इकडे ये जरा."

एक्केचाळिसातलं एक पाठवणारं दर वेळी वेगळ्या नावानं यायचं, वेगळ्या वाटेनं. कुठल्यातरी जहाजावरचं जुनं उपग्रह-यंत्र. त्याची पत्रं ऋजुताच्या कॉलेजातल्या बंद पडलेल्या पत्त्यावर येऊन अडकून पडत होती. त्यातलं एक अल्ताफनं उघडलं होतं.

*बाय, मी पुष्कर. आम्ही अकरा जण आहोत. मालक पळाला. फोन एजंटनं दोन महिन्यांतच काढून घेतले. नांगर टाकून सात महिने झाले, कुठे ते माहीत नाही. किनारा दिसत नाही. जीपीएसला कोणीतरी चकवतंय, तो म्हणतो आम्ही एका विमानतळावर उभे आहोत. रेडिओच्या खोलीत हे जुनं खोकं सापडलं. डिझेल संपत आलंय, जनरेटर दिवसाआड दुपारी तासभर लावतो. पाणी पावसाचं साठवलेलं, पंधरवडा पुरेल. आईला सांगू नको.*

ऋजुता उभी होती ती खुर्चीत बसली.

"खोटं असेल," ती म्हणाली.

"असेल," अल्ताफ म्हणाला.

याआधी चार आली होती तशी. पुष्करच्या नावानं, पुष्करच्या भाषेत. एका पत्रावरून तर आई भगवती बंदरावर जाऊन दिवसभर बसली होती. घरचं सगळं त्या चोरांना ठाऊक असायचं. आईच्या ओव्यासुद्धा. आई अंगणवाडीत होती, पोरांना निजवताना स्वतःच्या ओव्या रचायची, आणि एका कॉलेजनं त्या आवाजासकट जमवून जगासाठी खुल्या ठेवल्या होत्या. पुष्करची ओवी त्यात होती:

*समुद्राच्या वाटे । लावीन मी दिवा*
*पुष्कर बाळ माझा । घरी परत यावा*

ऋजुतानं उत्तरात पहिली ओळ लिहिली. खाली एवढंच, 'पुढचं लिही'.

"ही तर नेटवर आहे," अल्ताफ म्हणाला. "चोर बरोब्बर लिहील."

"बरोबर लिहिलं तर चोरच."

बुधवारी दुपारी उत्तर आलं.

*समुद्राच्या वाटे । लावीन मी दिवा*
*पुष्कर बाळाला गं । लाडू एक हवा*

*तू अजून विसरली नाहीस होय? आईनं झारा मारला होता मला या ओळीवरून. बाय, खरंच एक लाडू पाठव. अकरा पाठव.*

चार वर्षांचा असताना तो ओवी अशी म्हणायचा, आणि स्वयंपाकघरातल्या तिघांखेरीज हे कोणी ऐकलं नव्हतं. ऋजुता हसली, आणि हसता हसताच तिला पदर तोंडात धरावा लागला. मग तिनं आईला फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"रव्याचे करू की बेसनाचे?" आईनं विचारलं.

समुद्र-शोध केंद्रातला माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, गेल्या वर्षी जुन्या टपालीतून अशी दोनशे पत्रं आली. बोटी पाठवल्या आम्ही, रिकाम्या परत आल्या. आता नियमच आहे, खूण नसेल तर पत्र नाही. तुमच्याच समितीनं केलाय."

"त्याच्याकडे खूण कुठून येणार? बोटीला नोंदणी नाही, त्याला किनारा नाही. खूण हवी तर बाहेर यायला पाहिजे, आणि बाहेर यायचं तर खूण पाहिजे."

"मग कोणीतरी साक्ष द्यायला हवी."

साक्ष म्हणजे दुसऱ्याच्या पत्राखाली आपली खूण लावायची. पत्र खोटं निघालं तर साक्षीदाराची खूण दहा वर्षं रद्द. खूण नसेल तर नोकरी नाही, बँक नाही, दवाखान्यात केसपेपर निघत नाही. कागदोपत्री माणूस मेलाच. साक्षीच्या अर्जात एक रकाना होता, 'कशावरून ओळखलं?' ऋजुतानं लिहिलं, 'लाडवावरून', आणि बोट टेकवलं.

अर्ध्या तासानं समुद्र-शोध केंद्राचा फोन आला. "विमान तयार ठेवतो. पण अरबी समुद्र केवढा आहे ठाऊक आहे ना? जागा सांगा."

पुष्कर नवशिका खलाशी, त्याला तारे ठाऊक नव्हते. पण सूर्य सगळ्यांचा असतो. ऋजुता आणि अल्ताफनं बसून पत्र लिहिलं. डेकवर ओळंबा टांग, त्याच्या दोरीला एक गाठ मार. खाली खडूनं वर्तुळ काढ. सूर्य चढताना गाठीची सावली आखडत आखडत वर्तुळात शिरेल, शिरताना रेघेला टेकली की एक पत्र पाठव. कोरं चालेल. दुपार टळली की तीच सावली लांबत लांबत बाहेर निघेल. पुन्हा रेघेला टेकली की दुसरं पाठव. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तुमचा मध्यान्ह. तुझं घड्याळ खोटं असू दे, पत्राची वेळ उपग्रह स्वतः लिहितो. आपल्या मध्यान्हापेक्षा तुमचा चार मिनिटं मागे असेल तर तुम्ही एक अंश पश्चिमेला. आणि सगळ्यात आखूड सावली किती बोटं, गाठ किती उंच, ते दुसऱ्या पत्रात लिही, त्यावरून उत्तर-दक्षिण कळेल. वीसेक मैलांची चूक राहील. विमानाला तेवढं पुरे.

पत्र गेलं. मग अल्ताफच्या ध्यानात आलं.

"बाय, त्यांचा जनरेटर आता शुक्रवारी लागणार."

"हो."

"आणि ते पश्चिमेला आहेत. आपले बारा वाजतात तेव्हा त्यांचे वाजलेले नसतात."

सूर्य रत्नागिरीच्या डोक्यावरूनच साडेबाराच्या पुढे जातो. पुष्करच्या डोक्यावर तो यायचा तर आणखी पाऊण तास, तास, कोण जाणे. आणि सेतू बरोबर बाराला बंद.

गोगटे मॅडम मुंबईहून पडद्यावर आल्या. सगळ्या सेतूंच्या त्या प्रमुख. कडक बाई, पण ऋजुतावर जीव होता त्यांचा.

"एकट्या पुष्करसाठी दार ठेवता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही येत मॅडम. दर वेळी वेगळ्या वाटेनं येतं त्याचं पत्र, वेगळ्या नावानं. ठेवलं तर सगळं दार ठेवावं लागेल."

"चाळणी बाराला आपोआप बंद होते. ती परदेशातून चालते, मला ती एक मिनिटही लांबवता येणार नाही. चाळणीशिवाय सेतू उघडा म्हणजे काय, ते तुला सांगायला हवं का? चोरांना तारीख माहीत आहे. शेवटच्या दिवशी ते दाराशी रेटारेटी करणार."

"माहीत आहे."

"तुझं समितीपुढचं भाषण माझ्याकडे आहे, ऋजुता. वाचून दाखवू?"

"नको."

"मी तुला परवानगी देत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "हे नीट ऐक. देत नाहीये."

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना अल्ताफनं चहा आणून ठेवला आणि तो कोणी प्यायलं नाही. बाराला चाळणी बंद झाली. सेतू बंद करायची कळ ऋजुताच्या बोटाखाली होती. तिनं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

लगेच आली पत्रं. पाणंदीत पाणी शिरतं तशी. नेमणुकीची, बक्षिसांची, आजारी नातेवाइकांची, पोलिसांच्या नावाची. एकेका पत्रावर पिवळी पट्टी चिकटत होती आणि ते कोणाच्या तरी घरी जात होतं. ऋजुता मोजत नव्हती, गेलेल्या पत्रांचा आकडा आपोआप वाढत होता.

फोन वाजला. मुंबई. तिनं घेतला नाही.

"साडेबारा," अल्ताफ म्हणाला.

"दिसतंय मला."

"बाय, त्यांचा जनरेटरच लागला नाही तर?"

"तू गप बस."

बारा अठ्ठावन्नला एक कोरं पत्र आलं. पाठवणाऱ्याच्या जागी काहीतरी अगम्य अक्षरं. अल्ताफनं टेबलावर मूठ आपटली. सावली वर्तुळात शिरली होती. आता ती बाहेर यायची होती, आणि सावलीला कोणी घाई करू शकत नाही. ऋजुताला वाटलं, कुठेतरी अकरा माणसं एका खडूच्या रेघेभोवती उकिडवी बसलीत, आणि एका दोरीची गाठ त्या सगळ्यांच्या आयुष्यावरून मुंगीच्या पावलांनी चाललीय.

एक वाजून बावन्न मिनिटांनी दुसरं आलं. *आखूड सावली चोवीस बोटं, गाठ अठ्ठ्याण्णव बोटं. बाय, डेक हलतोय, पण आम्ही तिघांनी वेगवेगळी मोजली.* तिनं ते शोध-केंद्राला पाठवलं, वर आपली खूण लावली, आणि त्याच बोटानं कळ दाबली.

सेतू बंद झाला. पडद्यावरचा आकडा शून्यावर गेला. सात वर्षं ज्या क्षणाची सगळ्यांनी वाट पाहिली, त्या क्षणी खोलीत दोघंच होती.

शनिवारी सकाळी विमानाला बोट दिसली. अकराच्या अकरा जिवंत.

एकशे बारा मिनिटांत चाळणीशिवाय गेलेली पत्रं सहाशे बारा. त्यातली रत्नागिरी जिल्ह्यातली एकोणीस. नव्या टपालीत गेलेलं पत्र परत घेता येत नाही, ज्याचं ते त्याच्या हातात पडतं. बाकीच्या जिल्ह्यांत मॅडमनी माणसं पाठवली. ऋजुताला त्यांनी एवढंच लिहिलं, 'चौकशी नंतर. आधी दारोदार जा.'

"राजापूरची बाजू मी घेतो," अल्ताफ म्हणाला. "तू संगमेश्वर, चिपळूण, खेड घे."

दोन दिवस ती फिरली. कोणी हसलं, आम्ही काय बावळट आहोत का, म्हणाले. एका आजोबांनी चहा पाजला आणि तिलाच चोर समजून चहा पिता पिता तिचा फोटो काढून घेतला. सोमवारी सकाळी दहाला ती सावर्ड्याजवळच्या एका वाडीत, दोघांचं मिळून अठराव्या दारात उभी होती. पुष्करला आणणारी बोट त्याच दिवशी चार वाजता भगवती बंदराला लागणार होती.

सुगंधा भुवड अंगणात कुळीथ पाखडत होत्या.

"तेजलचं पत्र ना? आलं की! मोठ्या इस्पितळाचं. नर्सिंग केलंय तिनं, पहिली आली. सकाळच्या सातच्या गाडीनं गेली मुंबईला. नवाचं विमान आहे रात्री." सूप खाली ठेवून त्या कौतुकानं म्हणाल्या, "वाडीतली पहिली पोर विमानात बसणारी."

"काकू, सावधगिरीचं पत्र नाही आलं तुम्हाला? आमचं?"

"आलं ना. पण इस्पितळाच्या पत्रात लिहिलंच होतं, जळणारी माणसं असं पत्र पाठवतील, पुसून टाका म्हणून. पुसलं."

ऋजुतानं तेजलला फोन लावला. पलीकडे एसटीचा आवाज, कोणाचं तरी हसणं.

"तेजल, मी रत्नागिरीच्या सेतू-केंद्रातून ऋजुता शिवलकर. तुझं नेमणुकीचं पत्र खोटं आहे. पुढच्या थांब्यावर उतर."

"तुम्ही कशावरून केंद्रातल्या?"

"अगं, आईजवळ उभी आहे मी तुझ्या."

"आईला काय कळतंय? काल दोघांनी केलेत असे फोन." फोन कापला गेला.

तिनं नव्या टपालीतून लिहिलं, खूण लावून, जगातल्या सगळ्यात पक्क्या कडीसकट. दोन मिनिटांत उत्तर आलं. *ताई, तुम्ही ऋजुता शिवलकरच आहात हे कळलं. पण तुम्ही खरं बोलताय, हे कशावरून?*

ऋजुतानं ते दोनदा वाचलं. या प्रश्नाचं उत्तर तिच्या यंत्रात नव्हतं. सात वर्षं ती लोकांना सांगत होती की नवी टपाल आली की फसवणूक संपेल, आणि या पोरीनं एसटीच्या खिडकीत बसून दोन ओळींत त्याचा निकाल लावला होता.

मुंबईच्या पोलिसांना तिनं कळवलं, विमानतळाला कळवलं. दोन्हीकडून आपोआप पोच आली. मग ती सुगंधाकाकूंपुढे खाली बसली आणि पुष्करची सगळी हकिकत सांगितली. बारा वाजता कळीवरून बोट उचलल्याचंही सांगितलं.

काकूंच्या हातातले कुळीथ हातातच राहिले.

"म्हणजे तुझा भाऊ यावा म्हणून..." त्या म्हणाल्या.

"हो," ऋजुता म्हणाली. "माझं नाही ऐकणार ती. तुम्ही समोर उभ्या राहिलात तर ऐकेल. गाडी आहे माझी. आत्ता निघालो तर विमानाच्या आधी पोचतो."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माफी नव्हती. आत जाऊन त्यांनी चप्पल घातली, दाराला कुलूप लावलं आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

महामार्गाला लागताना आईचा फोन आला. मागे भांड्यांचे, शेजारणींचे आवाज.

"बाय, डबा भरला गो मी. चारला उतरतोय पोर. तू थेट बंदरावर येतेस की घरी येतेस आधी?"

"मी आज येत नाही, आई."

"येत नाही म्हणजे?"

आरशात काकू दिसत होत्या. समोरून येणाऱ्या प्रत्येक एसटीत त्या वाकून बघत होत्या, उलट्या दिशेच्या गाडीत आपली पोर नसणार हे माहीत असूनही.

"आई, पुष्करसाठी मी जे दार उघडं ठेवलं ना, त्यातून दुसरीची पोर गेलीय. तिला आणायला चाललेय."

पलीकडचे आवाज लांब गेले. आई बहुतेक अंगणात आली असावी.

"सापडेल?"

"ठाऊक नाही."

आई म्हणाली, "फोन ठेव. गाडी नीट चालव."